भोजनसभा

पोलादपूरहून कापड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं छात्रालय होतं. मुलं स्वयंपाकघरामागच्या मांडवात जेवायची, आणि प्रार्थना, भाषणं वगैरे शाळेच्या पडवीत व्हायची. पंगत माझ्याकडे होती, सभा सयाजी मास्तरांकडे. दोघांचे सवतेसुभे होते, म्हणून बरं चाललं होतं.

साठ साली गावचे कुशाबा मुंबईकर मंडळींची वर्गणी घेऊन आले. गिरणीत नोकरी करणारा माणूस, बोलणं रोखठोक.

"आमच्या गिरणीच्या हालमधी खानाबी होतो न मिटिंगबी," ते म्हणाले. "दोन खोल्या कशाला पायजेत?"

एकच मोठी खोली बांधली. खोली एक, म्हणून प्रमुखही एकच. मी तिला 'पंगतशाळा' हे नाव सुचवलं होतं, सयाजीनं 'भोजनसभा'. छात्रालयाच्या समितीनं त्याचा शब्द दारावर रंगवला आणि वरच्या भिंतीजवळचा प्रमुखाचा पाटही त्यालाच दिला. बरीच वर्षं पोरांना मांडी घालून, न सांडता जेवायला मी शिकवलं होतं, आणि हा परवा पुण्याहून आलेला. मी जळलो. तसं तोंडावर बोलूनही दाखवलं, पण समितीला काय त्याचं.

उद्घाटनाला महाडचे पाहुणे आले. त्यांना परतीची गाडी गाठायची होती, म्हणून पंगत अर्ध्यावर असतानाच सयाजी उठला आणि स्वागताचं बोलू लागला. आमच्याकडे प्रमुखानं 'उठा' म्हटल्याशिवाय कोणी पानावरून उठत नाही. मग उष्टं काढायचं, जमीन शेणानं सारवायची, आणि मगच ती जागा दुसऱ्या कामाला घ्यायची. त्या दिवशी पत्रावळी समोर होत्या, मुलांचे हात वाळत होते, आणि तशीच सभा झाली. पाहुणे गेले, मुलं आपणच उठून अंगणात पांगली. 'उठा' कोणीच म्हटलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, पण तो मान आता सयाजीचा. मी कशाला बोलू?

दुसऱ्या दिवसापासून सभेत डाव्या रांगेत एक जागा रिकामी राहू लागली. खिडकीखाली, माणूसभर. मी मुलांना सरका म्हणायचो. ती सरकायची, पण ती जागा सोडून पलीकडे. जेवताना तिथं पत्रावळ मांडलेली असे. ठकूबाई आमची स्वयंपाकीण, तिला मी विचारलं.

"कोणासाठी हे पान?"

तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "बसलंय त्यासाठी."

"कोण बसलंय?"

"मला काय ठाव मास्तर. उठवलं नाय, म्हणून बसलंय. न वाढून कसं चालंल?"

मी गणित शिकवणारा माणूस. पंगत उठल्यावर ते पान उचलून पाहिलं. भात, कुळथाचं पिठलं, काही शिल्लक नव्हतं. कुत्रं येत असेल असं मी धरून चाललो. दार बंद असायचं ही गोष्ट निराळी.

पुढे पुढे सयाजीचं बोलणं बदललं. तो त्या जागेकडे पाहून बोलायचा, मधेच थांबायचा, जणू तिकडून हुंकार आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलांचे डोळेही तिकडेच. मी फळ्यावर जीव तोडून शिकवायचो तेव्हा निम्मी पोरं जांभया द्यायची, आणि इथं नुसत्या जमिनीपुढे सगळी शहाण्यासारखी बसलेली. सयाजीचा हेवा मला समजत होता. पण आता मला त्या रिकाम्या जागेचा हेवा वाटू लागला, आणि हा पहिल्यापेक्षा जास्त जाळत होता. मान सयाजीलाही नव्हता. मान तिथं खिडकीखाली बसला होता.

एका दुपारी पंगत बसताना मी सरळ जाऊन त्या पानावर बसलो.

"मास्तर, तिथं नका बसू," ठकूबाई म्हणाली. हातातली पळी तशीच राहिली.

"का? मी काय कोणापेक्षा कमी आहे?"

जमीन गरम होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. सगळ्या मुलांचे चेहरे माझ्याकडे वळले. सयाजीसुद्धा माझ्याकडे पाहत होता. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

मग वाढणं सुरू झालं.

भात आला, पिठलं आलं. माझं पान भरलं. शेजारच्या पोराला मी म्हणालो, "मीठ दे रे."

त्यानं ऐकलं नाही.

सयाजीनं वर पाहिलं. "मालोजीराव दिसत नाहीत आज?"

"इथं आहे मी," मी म्हणालो.

"आताच तर व्हते," ठकूबाई म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मी उठायला गेलो. पण पंगतीतून मधेच उठता येत नाही. मी स्वतःच पोरांना हे इतकी वर्षं शिकवलं होतं. सयाजी 'उठा' म्हणाला तेव्हा सगळे उठले, आणि तो शब्द माझ्यापर्यंत पोचलाच नाही असं मला वाटलं. तो त्या दिवशीच्या पंगतीसाठी होता. मी बसलो होतो ती पंगत आधीची, उद्घाटनाची.

मला शोधायला त्यांनी सावित्री नदीचा डोह धुंडाळला. उमरठ गावापर्यंत माणसं पाठवली.

मग एका सकाळी सभा भरली. सयाजी पाटावरून उठून उभा राहिला आणि माझ्याबद्दल बोलू लागला. मालोजी मास्तरांनी या मुलांना माणसांत बसायला शिकवलं, असं म्हणाला. या खोलीचा पहिला हक्क त्यांचाच होता, असंही म्हणाला. कधी नव्हे ते तो मनापासून बोलत होता, आणि डोळे अगदी माझ्यावर होते.

"आपण सर्वांनी उभं राहून त्यांना आदरांजली वाहू या."

सगळी भोजनसभा उभी राहिली. कोणी हललं नाही, कोणी खोकललं नाही. एवढा मान सयाजीला कधीच मिळाला नव्हता.