दहाचा रिलीवर

गुड्डू, ते ओलं लाकूड काढ आधी, नुसता धूर करून राहिलं. नीतू, तू इकडे सरक. गोष्ट सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही, आणि 'काका, सच्ची है क्या' हे तर मुळीच विचारायचं नाही. फकिरा आपल्या रुआबांध्याचाच, दोन गल्ल्या सोडून राहतो. खोटं वाटलं तर उद्या त्याच्याकडे जाऊन चहा प्या आणि त्यालाच विचारा.

मागच्या जानेवारीतली, संक्रांतीच्या आधीच्या बुधवारची रात्र. सुनेने भरून दिलेला थर्मास आणि एक घोंगडी घेऊन फकिरा दवाखान्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोच्या, तुळसाबाईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

आता हे ऑपरेशन काही जिवावर बेतलं म्हणून नव्हतं. बाई भिंत धरून का होईना, चालत होती. तिला नकोच होतं. फकिराच वर्षभर तिच्या मागे लागला, त्यानेच डॉक्टर शोधला, तारीख घेतली. तिला काही झालं तर दोष आपल्याच माथी, हे तो जाणून होता. बिचारा मनातून पार घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस सगळ्यांवर संशय घेतो. सिस्टरने औषध आणलं की हा बाटलीवरचं नाव वाचायचा. डॉक्टरने उजव्या गुडघ्यावर पेनाने बाण काढला, तर याचं आपलं पुन्हापुन्हा तेच, "उजवाच न साहेब?" डॉक्टर शेवटी हसले.

रात्री तुळसाबाईने त्याचा हात धरला. "मले भेव लागून राहिलं जी. रातभर इथून हलू नका."

"मी कुठं जातो? रिलीवर आल्याबिगर फकिरानं कधी जागा सोडली का?"

ते खरंच होतं. फकिराने पोलादाच्या प्लांटमध्ये कोकओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीच्या, छतावर जन्म काढला. भट्टी कधी विझत नाही, म्हणून तिथली जागाही कधी रिकामी ठेवत नाहीत. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीवर, समोर येऊन उभा राहतो. त्याला चार्ज द्यायचा, काय चालू आहे ते सांगायचं, तो 'हाव' म्हणाला की मगच पाय उचलायचा. आणि त्या छतावर आच इतकी की रबराचा तळवा वितळतो, म्हणून लाकडी तळव्याच्या चपला घालतात. हे लक्षात ठेवा.

बाई झोपली. स्टुलावर बसल्या बसल्या फकिराही पेंगला. दहा वाजले. नाईट शिफ्टची वेळ. बाहेर कॉरिडॉरमध्ये आवाज आला.

खट... खट... खट...

फकिराने डोळे अर्धवट उघडले. दारात दौलतराव उभा होता, त्याचा जुना जोडीदार. डोक्याला गमछा, पायात त्याच चपला.

"जाय फकिरा. मी आलो."

आणि फकिरा उठला. झोपेत होता, सवय होती, काहीही म्हणा. उभा राहून त्याने रीतसर चार्ज दिला. "पेशंट झोपली हाये. दहानंतर पाणी बी द्यायचं नाही. सकाळी ऑपरेशन."

"हाव."

फकिरा जिना उतरला, गेटबाहेर गेला, टपरीवर चहा सांगितला. गरम ग्लास बोटांना चटका देऊन गेला, तेव्हा कुठे त्याला जाग आली.

दौलतराव तर केव्हाच मेला होता.

अशाच थंडीत मेला होता. फकिराला मोकळं करायला नाईट शिफ्टला सायकलने निघाला आणि खुर्सीपारच्या वळणावर छातीत कळ येऊन पडला. ती रात्र फकिराने त्याला शिव्या घालत, जागेवरून न हलता काढली होती. खबर सकाळी कळली.

ग्लास तिथेच टाकून तो धावला. गेटवरचा गार्डही दहाला बदललेला. आत जायचा पास वर स्टुलापाशी राहिलेला. गार्डने वर फोन लावला, ऐकलं, आणि फकिराकडे चोराकडे पाहावं तसं पाहिलं.

"एक पेशंट के पास एक ही अटेंडेंट रहता है, अंकल. सिस्टर बोल रही है, उनके पास एक अंकल बैठे हैं."

"वो मैं ही हूँ."

"आप तो यहाँ खड़े हो."

मुलगा प्रवीण रसमड्याच्या कारखान्यात नाईटला, त्याचा फोन लॉकरमध्ये. गार्ड म्हणाला, सहाला या. फकिरा पायरीवर बसला. डोक्यात एकच किडा. जिथे रिलीवर बसतो, ती जागा त्याची होते. आपण आपल्या तोंडाने... बायकोचा चार्ज... मेलेल्या माणसाला दिला. तो कशाला आला असेल? तिला न्यायला?

त्याने तुळसाबाईच्या मोबाइलवर फोन लावला. वाजला. खूप वेळ वाजला.

उचलला.

"तुळसा?"

कोणीतरी श्वास घेत होतं...

"दौलतराव... तिले हात लावू नको. तुझ्या पाया पडतो."

मग दौलतरावाचा आवाज. पण लांबून. फोनपासून दूर, दुसऱ्याच कोणाला बोलल्यासारखा.

"अजून टाइम नाही झाला. जाय."

फोन बंद. पुन्हा लावला, लागलाच नाही. टाइम... कोणाचा टाइम? फकिरा त्या पायरीवर लहान पोरासारखा रडला.

सहाला गार्डने सोडलं. फकिरा वर धावला. दार उघडं. स्टूल रिकामं. तुळसाबाई पलंगावर...

डोळे उघडे. त्याच्याकडे पाहून हसली.

"रातभर हलले नाही तुम्ही. मले लई आधार वाटला. पन माह्याकडं पाठ करून कावून बसले? हाक मारली तं बोलले कावून नाही?"

फकिराने घोंगडी तिच्या पायांवर ओढली.

ऑपरेशन चांगलं झालं. आता ती बाई स्वतः बाजारातून भाजी आणते आणि पिशवी यालाच धरायला लावते. पण त्या सकाळी तिला आत नेल्यावर फकिरा खोलीत एकटा होता. थर्मास उचलायला वाकला आणि त्याला स्टुलासमोर फरशीवर दोन डाग दिसले. लाकडी तळव्यांचे. फरशी करपलेली. सफाईवाल्या बाईने ॲसिड टाकून घासले, निघाले नाहीत.

फकिरा स्टुलावर बसला आणि आपले पाय त्या डागांशेजारी ठेवून पाहिले. पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाचे पाय पलंगाकडे असतात. त्या डागांच्या टाचा पलंगाकडे होत्या.

बोटं दाराकडे.