चारशे सतरा : खाली

खोटं लिहायला माझ्याकडे वेळ नाही.

बाळ झोळीत झोपलंय. अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. तेवढ्यात जे घडलं ते, जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

तारीख ११ मार्च १९८६. मंगळवार.

भुतं रात्री येतात म्हणतात ना... हे दुपारी चारला झालं. लख्ख उन्हात.

तुमसर तालुक्यातली एक मँगनीजची खाण. नाव लिहीत नाही. चिखला गावची नाही, एवढं सांगते, म्हणजे उगाच तिथल्या लोकांना त्रास नको. आमचं क्वार्टर खाणीच्या कॉलनीतच. माझा नवरा तिथं ऑफिसात. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी ‘हे’ असंच लिहीन.

खाणीच्या तोंडाशी हजेरीची खोली होती. तिथं गोमाजी बसायचे. म्हातारे, जाड भिंगाचा चष्मा, कानावर पेन्सिल. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले. प्रत्येक मजुराचा एक नंबर. खाली उतरताना बिल्ला काढून न्यायचा, वर आल्यावर परत टांगायचा.

पण गोमाजींना बिल्ल्यावर भरवसा नव्हता.

पाळी सुटली की ते दारात उभं राहून एकेकाचं नाव पुकारायचे.

“धनीराम!”

“हाव जी!”

“दादाजी!”

“हाव जी!”

शेवटचा माणूस ‘हाव जी’ म्हणेपर्यंत त्यांच्या चहावर साय धरायची. पोरं चिडवायची, “गोमाजी, लगन लावून राहिले का, आमचे नावं घेऊन?”

“तुह्या बायकोले सांगीन, थो वर आला म्हून. मंग हास.”

८५च्या दिवाळीनंतर कंपनीनं ठरवलं, हजेरीचं काम बाहेर द्यायचं. नागपूरच्या एका कॉम्प्युटर सेंटरला. दर सोमवारी कागद एस.टी.नं जाणार, शनिवारी छापून येणार. या कामावर देखरेख यांची.

कागद म्हणजे नुसते चौकोन. एका चौकोनात एक आकडा. खाली गेला तर पहिल्यात १, वर आला तर शेजारच्यात १. नावाला जागाच नव्हती. “कॉम्प्युटरले नाव नाही लागत, नंबर लागते,” हे म्हणाले.

चौकोन भरायला सुंदर अक्षर हवं होतं. माझं होतं.

महिनाभर गोमाजी रोज आमच्याकडे आले. रजिस्टर उघडून एकेक खूण मला समजावली. बाळासाठी बोरं आणायचे. सात महिन्यांच्या पोरीला बोरं! मग स्वतःच हसून मला द्यायचे. “बाबूजी म्हनतेत, कॉम्प्युटर माह्या हाताखाली येनार. तपासाले मीच. तू माही असिस्टंट, पोरी.”

मलाही यांनी तेच सांगितलं होतं.

मग एक दिवस यांच्या शर्टाच्या खिशात कागद सापडला. एक फेब्रुवारीपासून गोमाजींना घरी बसवायचा.

मी काही बोलले नाही.

इथंच माझं चुकलं.

त्याच दिवशी मी रजिस्टर उतरवत होते. चारशे सतरापाशी आले. नावाच्या जागी काहीच नाही. पुढं प्रत्येक रकान्यात, प्रत्येक दिवशी, एकच शब्द...

खाली.

पानं मागं उलटली. खाली. खाली. वर्षानुवर्षं. रविवारीसुद्धा.

गोमाजींना विचारायला हवं होतं. ते समोरच बसले होते, बाळाला चष्मा ओढू देत होते. पण खिशातला तो कागद मला ठाऊक होता. त्यांच्याकडे मान वर करून पाहवेना.

संध्याकाळी यांना विचारलं.

यांनी रजिस्टर मिटून बाजूला सारलं. मग म्हणाले, “खाली म्हणजे रिकामा. भर कोणाचा तरी.”

आमच्याकडे तोही अर्थ आहेच. डबा खाली, खुर्ची खाली.

माझा धाकटा भाऊ टिकाराम दोन वर्षं कामासाठी खेटे घालत होता. मीच यांच्या मागं लागले होते. नंबर रिकामा होता. मी माझ्या हातानं, सुंदर अक्षरात, टिकासमोर ४१७ लिहिलं.

एक तारखेला गोमाजी दारात आले. यांना म्हणाले, “बाबूजी, तुमी त मले शब्द देला होता.”

“वरून ऑर्डर आहे, गोमाजी.”

“वरून?” म्हातारा कसंनुसं हसला. “आन खालचं कोन पायते?”

मग माझ्याकडे वळले.

“अक्षर लय सुंदर हाय तुमचं, ललिताबाई.”

महिनाभर मला ‘पोरी’ म्हणणारे ते. त्या दिवशी ‘बाई’ म्हणाले.

नाव पुकारणं बंद झालं. मजूर बिल्ला पेटीत टाकायचे नि निघून जायचे. नवा कारकून बिल्ले मोजायचा. बिल्ले पुरे, म्हणजे माणसं पुरी.

पहिल्या शनिवारी नागपूरहून छापील कागद आले. चारशे सतरा... सहा दिवस खाली गेला. वर एकदाही आला नाही.

आणि टिका तर माझ्यासमोर बसून भात खात होता!

“नागपूरच्या पोरींची चूक,” हे म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यातही तेच. सेंटरनं माझा मूळ कागद परत पाठवला. सोबत चिठ्ठी, चौकोन कोरे आहेत. अक्षर माझंच. बाकी सगळे चौकोन भरलेले. फक्त चारशे सतराचे, वर येण्याचे...

कोरे.

मी भरले होते. बाळाच्या शपथेवर सांगते, भरले होते.

टिकाही गप्प होत चालला होता. एकदा म्हणाला, “ताई, माहा बिल्ला रोज ओला कसा रायते वं? खिळ्यावरून काढतो तवाच पानी टपकते.”

मग ११ मार्च.

चारचा भोंगा झाला. मी चहा टाकला. दारात सावली आली. टिका. रोजच्यासारखा आत येऊन झोळीजवळ बसला. माझी पाठ होती. उकळता चहा कपात ओतून, त्याच्याकडे न बघताच समोर ठेवला.

“साखर कमी पडली का रे?”

उत्तर नाही.

दमला असेल, म्हणून मी पाण्याची बादली घेऊन अंगणात आले. तर कुंपणापाशी गोमाजी. धापा टाकत.

“पोरं म्हनतेत, चारशे सतरा कोनाले तरी देला. कोनाले?”

“माह्या भावाले. काहून?”

त्यांनी कुंपण घट्ट धरलं. “कोठी हाय थो?”

“घरात हाय ना. चहा पिऊन राह्यला.”

“हाक मार त्याले. नावानं.”

मला हसू आलं. “टिका!”

घर गप्प.

“टिकाराम!”

आत झोळीची दोरी करकरत होती... कुणीतरी झोका देत होतं.

“टिका! बोलत काहून नाहीस रे?”

गोमाजींनी डोळे मिटले. आणि हजेरीच्या खोलीत घ्यायचे तसं, खड्या आवाजात एक नाव घेतलं. मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

“इश्वर!”

माझ्या घरातून... माझ्या बाळाच्या झोळीजवळून... उत्तर आलं.

“हाव जी.”

बादली सुटली. मी आत धावले.

कुणीच नव्हतं. घराला दुसरं दार नाही. झोळी हलत होती. हळूच, अगदी मायेनं हलवल्यासारखी. बाळ शांत झोपलं होतं. कपात चहा काठोकाठ, घोटही कमी नाही. हात लावला...

विहिरीच्या पाण्यासारखा गार.

बाळाला छातीशी धरून मी गोमाजींच्या मागं खाणीकडे पळाले. वाटेत ते तुटक तुटक सांगत होते.

“अडुसष्ट साल... छत बसलं. सारे निंगाले, इश्वर नाही निंगाला. कंपनीनं भिंत बांधून थो रस्ता बंद केला. मी त्याले ‘वर आला’ नाही लिवलं. खाली हाय, म्हून खाली लिवलं. रोज त्याचं नाव पुकारो. मनातल्या मनात. थो हाव म्हने, मंग मी चहा पिओ.”

मला तेव्हा कळलं. खाली म्हणजे रिकामा नव्हतं.

खाली म्हणजे खालीच.

“रजिस्टरात त्याचं नाव काहून नाही लिहिलं?”

“कंपनीनं खोडाले लावलं. नंबर तेवढा मी धरून ठेवला.” मग माझ्या छातीशी धरलेल्या बाळाकडे पाहून, “त्याची बी पोरगी होती तवा. सहा महिन्याची.”

कारकुनानं पेटी दाखवली. चारशे सतराचा बिल्ला आलेला होता. “माणूस वर आला, बाई. हिशेब बरोबर आहे.” गोमाजींनी त्याला बाजूला सारलं, खाणीच्या तोंडाशी वाकले आणि पुकारलं.

“टिकाराम!”

काहीच नाही.

“टिकाराम!”

खूप खोलातून... बारीक...

“हाव जी...”

चार जण उतरले. टिका त्या बांधलेल्या भिंतीला टेकून बसला होता. दिवा विझलेला. वर आणल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाला, “ताई, इथं काहून आली? मी त बिल्ला टाकून घरी आलतो. तू चहा ठेवला. मी झोळीले झोका देल्ला...”

त्या संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. हे खाली मान घालून ऐकत राहिले. आश्चर्य वाटलं नाही यांना.

ते पाहूनच मला समजलं.

“तुमाले माहीत होतं.”

“जुन्या फायलीत होतं.”

“मंग रिकामा काहून म्हणाले?”

“कॉम्प्युटर ओळीतला मधलाच नंबर कोरा सोडू देत नाही. कोणाचा तरी भरावाच लागते.” मग आवाज चढवून, “आन टिकाले काम पायजे म्हणून मागं कोण लागलं होतं? तूच ना?”

त्या रात्री मी रडले नाही. बाळाला घट्ट धरून बसले.

टिका आसगावला मामांकडे धानाच्या शेतीवर गेला. विहिरीतसुद्धा डोकावत नाही. गोमाजी सानगडीला लेकीकडे गेले. जाताना बाळाच्या हातावर एक बोर ठेवलं आणि म्हणाले, “थकलो, पोरी. आता त्याले कोन पुकारन?”

मी चौकोन भरणं सोडलं. आता ते काम कोण करतं, माहीत नाही. चारशे सतरा कोणाला दिला, तेही माहीत नाही. तीनदा विचारलं. हे सांगत नाहीत.

म्हणून मी एक करते. संध्याकाळी दार वाजलं, की कडी काढायच्या आधी आतून यांचं नाव घेते. मोठ्यानं. शेजारच्या निर्मलाबाई बायकांत सांगत फिरतात, “ललिताबाईनं लाज सोडली, नवऱ्याले नावानं हाका मारते.”

म्हणू देत.

“गोपीचंद!”

बाहेरून हे वैतागतात. “मीच आहे! उघड!” मग मी उघडते.

पण काल...

नाव घेतलं, तर उत्तर यायला वेळ लागला. बाळ झोळीत उठून बसलं, दाराकडे पाहत राहिलं. मी पुन्हा नाव घेतलं.

मग आलं उत्तर. आवाज यांचाच होता.

“हाव जी.”

कडी मी अजून काढलेली नाही. लग्नाला पाच वर्षं झाली. यांनी मला कधीही ‘जी’ म्हटलेलं नाही.