यानाची सर्दी

सुलभा गेल्याचं मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तळावर यान उतरलं होतं. सगळे मालाच्या दाराशी जमले होते. मी प्रयोगशाळेत एकटाच होतो. तेवढ्यात पृथ्वीवरून आरोग्य मंडळाचा एक अधिकारी पडद्यावर आला.

"आढाव, बातमी चांगली नाही," तो म्हणाला. "तुमच्या मिसेस गेल्या. झोपेतच गेल्या."

मी विचारलं, "कधी?"

चंद्रावरून आवाज पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर परत यायलाही तेवढाच वेळ. त्यामुळे प्रश्न विचारला की समोरचा माणूस अडीच सेकंद नुसता आपल्याकडे बघत राहतो. आम्हा चंद्रावरच्या लोकांना त्याची सवय असते. त्या दिवशी ते मला सहन झालं नाही.

"काल," तो म्हणाला. मग समोरचा कागद बघून म्हणाला, "आणि त्या बैठकीत जो विषय मांडणार होत्या, तो तूर्त पुढे ढकललाय." दोन्ही गोष्टी त्यानं एकाच दमात सांगितल्या.

हा विषय काय होता, ते मी तुम्हा मुलांना सांगतो. मोठ्यांना सांगून झालंय. मोठी माणसं ऐकून घेतात आणि सही दुसऱ्याच कागदावर करतात.

आमचा वैनतेय तळ म्हणजे चंद्रावरची शे-दीडशे माणसांची वसाहत. मी इथल्या प्रयोगशाळेत रक्त, थुंकी, पाणी तपासतो. सुलभा इथली परिचारिका. तळावरची सगळी बाळंतपणं तिनंच केली. पाच महिन्यांनी एकदा पृथ्वीवरून यान येतं. मधल्या काळात इथं कुणाला सर्दी होत नाही, कारण सर्दी गारव्यानं होत नाही. ती विषाणूमुळे (डोळ्यांना न दिसणारा, आपल्या शरीरात शिरून स्वतःची संख्या वाढवणारा अतिसूक्ष्म कण) होते. एवढ्याशा वसाहतीत एक विषाणू सगळ्यांना गाठतो आणि नवं कुणी उरलं नाही की संपून जातो. मग यान येतं. नवी माणसं, नवा विषाणू. सगळा तळ शिंकायला लागतो. तिला आम्ही यानाची सर्दी म्हणतो.

आणि त्याबद्दल मंडळाचा एक नियम आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला यानाची सर्दी झाली, की तिला दहा दिवस विलगीकरणात (आजारी माणसाला इतरांपासून वेगळ्या खोलीत ठेवणं) ठेवायचं आणि तिच्या बाळाला बाटलीनं पावडरचं दूध पाजायचं. ऐकायला बरोबर वाटतं. तुमच्याकडेही घरोघर म्हणतातच, आईला सर्दी झालीय, तिचं दूध बाळाला बाधेल. सुलभा म्हणायची, "हा नियम मंडळानं नाही केला. मंडळातल्या कुणाच्या तरी आत्यानं केलाय."

तो नियम रद्द करा, एवढंच सांगायला ती पृथ्वीवर गेली होती.

*

बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी केतकी प्रयोगशाळेत आली. केतकी शेजारच्या प्रणिताची मुलगी, पाचवीत आहे. प्रणिताला नववा महिना लागला होता.

केतकी स्टुलावर बसली, पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "आईनं सांगितलंय, सुलभाआजीबद्दल आजोबांशी काही बोलायचं नाही. म्हणून मी दुसरंच विचारते."

"विचार."

"मागच्या यानाला मेहरुनमावशीला सर्दी झाली होती. तिनं ती कुणाला सांगितली नाही. झैनला अंगावर पाजतच राहिली. आणि पलीकडच्या गल्लीतल्या बाळाच्या आईला खोलीत ठेवलं, त्याला बाटली दिली. तर ते बाळ आठवडाभर आजारी होतं, प्राणवायूची नळी लावावी लागली. झैन नुसता दोनदा शिंकला. जिचं दूध बाधतं म्हणतात, तिचंच दूध पिऊन तो बरा कसा राहिला?"

"हे कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग इथंच ठेव. आणि एक लक्षात घे. दोन बाळांवरून काही सिद्ध होत नाही. दुसरं बाळ मुळातच अशक्त असेल. झैनला विषाणू कमी गेला असेल. मनात आलं ते खरं, असं विज्ञानात चालत नाही."

"मग बघायचं कसं?"

त्या दिवशी मला काही बघायचं नव्हतं. मी तिला घरी जा म्हणालो. ती गेली नाही. "यान जायच्या आत आईला सांगायचंय," ती म्हणाली.

तेही खरं होतं. पावडरचे डबे यानानं येतात, तळावर मोजकाच साठा असतो. पुढच्या यानातून किती डबे यायला हवेत, हे परत जाणाऱ्या यानाबरोबर सहीच्या यादीनं कळवावं लागतं, पडद्यावर सांगितलेलं मंडळ धरत नाही. पोटुशी असलेल्या प्रत्येकीनं यान निघायच्या आत ठरवायचं, अंगावर पाजणार की बाटलीनं.

*

मी प्रणिताकडे गेलो. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. मला बघून उठायला लागली, मी बस म्हणालो.

"काका, सुलभाकाकूंच्या..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय ठरवलंस? अंगावर की बाटली?"

"बाटली."

मी नुसती मान हलवली. तरी ती चिडली.

"बघा, आता तुम्हीही तोंड करा तसं. केतकीच्या वेळी मी पृथ्वीवर होते. चौथ्या महिन्यात कामावर जायला लागले, बाटली सुरू केली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमची सून डब्यातली आई आहे म्हणून. केतकी काय वाईट वाढलीय?"

"चांगलीच वाढलीय. जरा जास्तच," मी म्हणालो. केतकीनं माझ्याकडे रागानं बघितलं.

"टोचून न बोलणाऱ्या एकट्या सुलभाकाकूच. म्हणाल्या, पावडरच्या दुधानं बाळाचं पोट नीट भरतं, ज्यांना अंगावर पाजता येत नाही त्यांच्या बाळांना त्यानंच जगवलंय. फायदे-तोटे मी सांगते, ठरव तू."

"मग तुला बाटलीच हवी आहे?"

"मला नाही हवी," प्रणिता म्हणाली. "या वेळी मला अंगावर पाजायचं होतं. इथं कामाच्या जागी बाळ नेता येतं. पण दर पाच महिन्यांनी यान येणार, मला सर्दी होणार आणि तुमचा तो डॉक्टर मला खोलीत घालणार. दहा दिवस पंपानं काढून ओतून द्यायचं. गेल्या वेळी त्या पलीकडच्या गल्लीतल्या बाईचं काय झालं? दूध आटलंच. मग लावायचीच कशाला सवय? रडायचं ते आत्ताच रडून घेते."

हे मला सुलभानं कधी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल आणि मी जेवणात लक्ष घातलं असेल. आम्ही समजत होतो, बायका ठरवतात. त्यांच्या आधी नियमानं ठरवून टाकलेलं होतं.

मी केतकीला म्हणालो, "चल. बघू या."

*

मेहरुन तळाच्या खानावळीत वाढते, त्यामुळे यानातल्या माणसांची सर्दी पहिल्यांदा तिलाच होते. या वेळीही झाली होती. डॉक्टरला ती म्हणाली होती, चंद्राची धूळ नाकात गेली. मास्क बांधून, हात धुऊन ती झैनला पाजत होतीच.

"चाचा, मला पकडून द्यायला आलात का?" तिनं दारातच विचारलं.

"दूध मागायला आलो."

ती हसली. तिच्याकडे यान यायच्या आधीचं, काढून गोठवून ठेवलेलं दूध होतं. कधी डॉक्टरनं खोलीत घातलंच, तर झैनला असावं म्हणून. त्यातलं थोडं तिनं दिलं. आणि आठवड्यानं, सर्दी ओसरत आल्यावर, ताजं दिलं.

मधल्या काळात मी यानातल्या माणसांच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यातून या वेळचा विषाणू वेगळा केला. आमच्याकडचं यंत्र पांढरे सूक्ष्म मणी बनवतं आणि त्यांच्यावर विषाणूच्या कवचाचे तुकडे चिकटवतं. मणी पाण्यात टाकले की पाणी दुधाळ, एकसारखं दिसतं.

मी काचेच्या काळ्या तबकडीवर त्या पाण्याचे तीन थेंब ठेवले आणि केतकीच्या हातात नळी दिली.

"पहिल्यात डब्यातलं दूध टाक. दुसऱ्यात मेहरुनचं यान येण्याआधीचं. तिसऱ्यात आजचं. आता तबकडी हळू हलव."

ती हलवत राहिली. पहिला थेंब तसाच राहिला. दुसराही तसाच. तिसऱ्या थेंबात आधी काही दिसेना, मग रवा टाकल्यासारखे बारीक दाणे दिसायला लागले.

"फाटलं," केतकी म्हणाली.

"दूध नाही फाटलं. मणी एकमेकांना चिकटले. का चिकटले असतील?"

"मधे काहीतरी गोंदासारखं आहे."

"आहे. त्याला प्रतिपिंड म्हणतात (शरीरानं एका ठरावीक जंतूसाठी बनवलेला, त्याला चिकटून त्याला निकामी करणारा कण). एका प्रतिपिंडाला चिकटायला एकाहून जास्त हात असतात. एक हात या मण्यावर, दुसरा त्या मण्यावर, असे मणी गोळा होतात. विषाणूचंही तेच होतं. प्रतिपिंडानं वेढलेला विषाणू बाळाच्या घशाला चिकटू शकत नाही."

"पण आधीच्या दुधात का नाही?"

"तेव्हा मेहरुनची आणि या विषाणूची गाठ पडली नव्हती. गाठ पडली, तिला सर्दी झाली. तिच्या नाकाघशातल्या पेशींनी हा विषाणू ओळखून ठेवला. त्यातल्या काही पेशी रक्तातून वाहत तिच्या स्तनात जाऊन बसल्या आणि तिथं प्रतिपिंडं बनवायला लागल्या. तीच दुधात उतरली. म्हणजे आईच्या अंगावर आज ज्याचा हल्ला झाला, त्याच्यावरचा उपाय आठवड्याभरात दुधात येतो. पुढच्या यानाला दुसरा विषाणू येईल, तेव्हा दुसरी प्रतिपिंडं."

"आणि डब्यात?"

"डबा बंद केला तेव्हा हा विषाणू इथं आलेलाच नव्हता. डब्याला कसं कळणार?"

केतकीनं तबकडी पुन्हा हलवून पाहिली. "पण आई शिंकली तर विषाणू बाळाकडे जाईलच ना?"

"जाईल. शिंकेतून, हातातून. दुधातून नाही. आणि खरं सांगायचं तर आई शिंकायच्या आधीच तो बाळापर्यंत गेलेला असतो. विषाणू शरीरात शिरल्यावर सर्दी दिसायला एक-दोन दिवस जातात आणि त्या दिवसांत आई बाळाला जवळ घेतच असते."

"म्हणजे," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आपण आईला बाजूला करतो तेव्हा विषाणू बाळाकडे आधीच आलेला असतो. आणि औषध मात्र आईबरोबर खोलीत जातं."

सुलभाला मंडळापुढं हेच वाक्य बोलायचं होतं. मला थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

मग मी तिला उरलेलंही सांगितलं, कारण अर्धं सांगणं म्हणजे खोटं सांगणं. अंगावर पिणारं बाळ आजारी पडतच नाही असं नाही, बहुतेकदा कमी आजारी पडतं. काही थोडे आजार आणि औषधं अशी आहेत, की त्यांत पाजणं थांबवावंच लागतं, ते डॉक्टरला विचारायचं. आणि जिला पाजता येत नाही किंवा पाजायचं नाही, तिला कुणी बोल लावायचा नाही.

"सासूबाईंसारखा," केतकी म्हणाली.

"आजी म्हण."

*

डॉक्टर निखाडे तरुण आहे, वाईट नाही. त्यानं तबकडी दिव्याखाली धरून नीट पाहिली.

"मला पटतंय, काका. काकूंनीही मला हेच समजावलं होतं."

"मग नियम बंद कर."

"मी इथला तलाठी. कायदा वरून येतो."

"वरून नाही, खालून. पृथ्वीवरून."

"आजोबा, पृथ्वी तर इथून वरच दिसते," केतकी म्हणाली. कुणी हसलं नाही.

"तुला पटलं होतं, तर तू का नाही गेलास तिच्याबरोबर?" मी विचारलं. "ती एकटी गेली. परिचारिका म्हणून तिला दारातच बसवून ठेवणार होते, हे तुलाही माहीत होतं. तू डॉक्टर आहेस."

त्यानं तबकडी खाली ठेवली. "माझी बदली व्हायचीय," तो म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

तेवढ्यात दारातून प्रणिता आत आली. केतकीनं तिला आधीच सगळं सांगितलं होतं, थेंबांसकट. ती दम लागल्यामुळे दाराला धरून उभी राहिली.

"निखाडे, माझे दोन डबे लिहा. अडीनडीला असू देत. बाकी मी अंगावर पाजणार," ती म्हणाली. "मला सर्दी झाली तर मी मास्क बांधेन, हात धुवेन. खोलीत घालायचं तर आम्हा दोघांना घाला. पण बाळाला माझ्याजवळून उचलून न्यायला कोण येणार, त्याचं नाव मला आत्ता सांगा. तुम्ही येणार?"

निखाडेनं यादी पुढं ओढली. त्यानं दोनच डबे लिहिले.

यान गेलं. प्रणिताला मुलगा झाला आणि तो आईचं दूध पितो. केतकी आता मला विचारते, की प्रतिपिंडं ओळखून डब्यातही घालणारं यंत्र बनवता येईल का, म्हणजे बाटलीवरच्या बाळांनाही मिळतील. अवघड आहे, पण प्रश्न बरोबर आहे. मी तिला म्हणालो, तू मोठी हो आणि बनव.

तबकडीची छायाचित्रं आणि तपासणी मी मंडळाला पाठवली. पोचल्याचं उत्तर आलं. सुलभाचा विषय कुठल्या बैठकीत घेणार, ते त्यात नव्हतं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा तो अधिकारी अडीच सेकंद माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कळवतो."

अजून कळवलेलं नाही. नियम तसाच आहे.