तमालेची खूण

लांते इंटरनेट कंपनीच्या कुमासी शहरातल्या ऑफिसात शिरला, की उजवीकडच्या माणसापासून सुरुवात करून शेवटच्या टेबलापर्यंत प्रत्येकाला नमस्कार करायचा. तशी सगळ्यांचीच रीत होती. पण लांतेला उत्तर देताना माणसं हसायची. फ्रेमपोंगला नुसतं उत्तर मिळायचं.

फ्रेमपोंग तिथला सर्वांत जुना इंजिनिअर. अबोल, फावल्या वेळात पुस्तकात डोकं घालून बसणारा. प्रमुखाची जागा मात्र लांतेला मिळाली. त्यानिमित्तच्या ऑफिसच्या मेजवानीत फ्रेमपोंगची बायको सेरवा लांतेच्या एका विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरी ती तशी कधीच हसली नव्हती.

लांतेचं पहिलं मोठं काम तमाले या दूरच्या शहरातल्या हॉस्पिटलचं होतं. त्यांचं संगणकांचं खासगी जाळं हॉस्पिटलच्या कुमासीतल्या शाखेपर्यंत आणायचं होतं. ते बिघडलं असतं, तर त्याची खुर्ची गेली असती.

राजधानी अक्रातला मुख्य राउटर देशभरच्या जाळ्यांचे सगळे पत्ते गावोगावच्या राउटरना कळवायचा. प्रत्येक पत्त्यावर त्या त्या ग्राहकाची खूण असे. कुमासीचा राउटर सांगून ठेवलेल्या खुणांचेच पत्ते ठेवून घेई. बाकीचे येत आणि मुकाट टाकले जात. कुठे ओरड नाही, लाल दिवा नाही.

एका दुपारी फ्रेमपोंगने कुमासीच्या राउटरमधून तमालेची खूण पुसली.

दुसऱ्या दिवशी लांते आला. उजवीकडून नमस्कार सुरू झाला. पहिल्या टेबलावरच्या अडोमाने मान वर केली नाही. तिच्या शेजारच्यानेही नाही.

"काय गं अडोमा, जिभेला उपवास आहे का?"

अडोमा फ्रेमपोंगकडे वळली. "काका, हा लांते कुठे तोंड लपवून बसलाय? तमालेवाले सकाळपासून माझं डोकं खातायत."

लांते तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

सगळ्यांनी मिळून त्याला वाळीत टाकलं असावं, असं फ्रेमपोंगला वाटलं. जीव कसा थंड झाला. लांते आपल्या खुर्चीत जाऊन बसला. जाता जाता अडोमाने आपली डब्याची पिशवी त्याच खुर्चीवर ठेवली. लांतेने ती गुपचूप मांडीवर घेतली.

"काका," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला तरी दिसतोय ना मी?"

फ्रेमपोंगला काल पुसलेली खूण आठवली. त्याने ती लगेच परत लिहिली. राउटरने अक्राकडे सगळे पत्ते पुन्हा मागितले. ते आले. तमाले जोडलं गेलं.

"उगवलास का रे बाबा!" मागून अडोमा ओरडली. "कुठे मेला होतास?"

सगळे हसले. कुणाचं तरी ऐकल्यासारखे थोडं थांबले, आणि पुन्हा हसले.

फ्रेमपोंगने वळून पाहिलं.

सगळे लांतेच्या खुर्चीकडे बघत होते. खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी घराच्या दारातच त्याला सेरवाचं हसू ऐकू आलं.

"या," ती डोळे पुसत म्हणाली. "किती ताटकळत ठेवायचं पाहुण्याला!"

टेबलावर कंद कुटून केलेला फुफू वाढलेला होता. सेरवाने पाण्याचा जग उचलला आणि रिकाम्या खुर्चीपुढच्या भांड्यावर हात धुवायला पाणी ओतलं.

पाणी सरळ भांड्यात पडलं नाही. मध्येच अडलं. मग पाच बारीक धारांनी खाली ओघळलं.