पालथं मडकं

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, पण वारा म्हणाल तर नावाला नव्हता. तेवीस डिसेंबर, मंगळवार. चुलीचा धूर वर जायचं सोडून वस्तीवरच पसरून बसला होता. वारा नव्हता, एवढं ध्यानात ठेवा लेकरांनो.

धारूरच्या घाटाखाली माझ्या मेहुण्याची वस्ती आहे. बारा घरं. दिवाळी झाली की सगळी ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं. मागं राहते ती म्हातारी सारजाबाई अन् तिच्या शेळ्या. तिच्या शेजारचा परमेश्वर धारूरात खोली करून राहतो, लग्नाचं शूटिंग करतो. त्याला एक छोटा सिनेमा करायचा होता. जग संपलंय, एकच माणूस उरलाय. स्पर्धेला पाठवायची मुदत त्याच रात्री बारापर्यंत. नंबर लागला तर पुण्याला शिकायला मिळणार होतं.

म्हणून तो दुपारी आपल्याच बंद घरापुढं आला. सोबत कोणी नाही. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, चालू करायचा, अन् आपणच समोर चालायचं.

"कॅमेरा हलवायचा न्हाई, काकू," बघायला आलेल्या सारजाबाईला तो म्हणाला. "हलला की वाटतं कुणीतरी धरलाय. मग माणूस एकटा दिसत न्हाई."

"आईबाप कोयता घिऊन गेले, तर जग बुडालं म्हणून दाखवतो व्हय?"

तो हसला. त्या वस्तीवर एक रीत आहे. घरातलं शेवटचं माणूस निघताना उंबऱ्याशी मडकं पालथं घालतं. घर रिकामं असलं तरी कुणी येऊन बसायचं नाही, असा त्याचा अर्थ. परमेश्वरनं ते सुलटं केलं. चित्रात बरं दिसत होतं.

"जाताना पालथं घाल," म्हातारी तुटकपणे म्हणाली.

अंधार पडायला तो घाईनं निघाला. मडकं विसरला.

रात्री साडेदहाला खोलीवर तुकडे जोडायला बसला. पहिला तुकडा स्थिर. दुसऱ्यात चौकट जराशी डावीकडं झुकली. वाऱ्यानं असेल, त्याला वाटलं. मग आठवलं... त्यानं तेवढं कापलं.

तिसऱ्यात तो विहिरीकडं चालला होता. कॅमेरा मागं मागं येत होता. पावलागणिक वर, खाली. हातात धरल्यासारखा.

कापलं.

चौथ्यात तो दाराशी पाठमोरा बसलेला. कॅमेरा जवळ आला. आणखी जवळ. मानेवरचे केस दिसायला लागले. कॉलरच्या माईकमध्ये श्वास. परमेश्वरनं आपला श्वास रोखला. ऐकलं. त्याचा नव्हता...

कापायला हात उठेना.

शेवटचा तुकडा. दाराच्या फटीतून घेतलेला. आतून. कुलूप लावलेल्या घराच्या आतून... बाहेर तो स्वतः. स्टँडवरून कॅमेरा काढताना.

बारा वाजले. वाजून गेले. सिनेमा तसाच राहिला. दिवा चालू ठेवून तो भिंतीला पाठ लावून बसला.

तांबडं फुटताच गाडी काढली. मडकं पालथं घालायचं, एवढंच डोक्यात.

मडकं पालथंच होतं.

सारजाबाई शेळीची धार काढत होती.

"काकू... तुमी घातलं का?"

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्याच्या मागं, गाडीकडं पाहिलं.

"म्या कशाला घालू? एकटा एकटा म्हणत हुतास, अन् संगं जोडीदार हुता की. त्येनंच घातलं जाताना. अन् बसला गाडीवर, तुझ्या मागं."