झेंड्याचा बांबू

तारखात्यात खांब रोवण्यात माझी हयात चालली होती. रजेवर घरी आलं की खांब नजरेलाही नकोसा व्हायचा. पण पंचावन्न सालच्या स्वातंत्र्यदिनाला पवनारच्या आमच्या अंगणात झेंडा लागलाच पाहिजे, असा आईने हट्ट धरला. माझा मोठा भाऊ चंद्रभान बेचाळीसच्या मोर्चातून निसटून धाम नदीच्या पुरात उतरला, तो परत आलाच नाही. हातातला झेंडा त्याने तेव्हाही सोडला नव्हता म्हणे. आई म्हणायची, दारात झेंडा दिसला की तो येईल. तिने त्याचं क्रियाकर्म करू दिलं नाही, आणि जयवंतावहिनी तेरा वर्षं कुंकू लावून बसली होती. मला या वाट बघण्याचाच वीट आला होता. तो गेला, असं कुणीतरी एकदाचं सांगावं, एवढंच वाटायचं.

बांबू वर्ध्याच्या बाजारात वहिनीनेच निवडला. मी चांगले भरीव, सरळ बांबू दाखवत होतो. तिने एकालाही हात लावला नाही. मग कोपऱ्यात टेकवलेला एक धरून म्हणाली, हाच. चांगला होता, वादच नव्हता.

शेजारच्या तानबाला घेऊन मी तो खांद्यावरून आणला. वाटेतली नालवाडी मागे पडली तरी खांदा दुखेना.

“मधात कोन खांदा देऊन राह्यलं जी?” तानबाने मागून विचारलं. मी त्याला मुकाट चालायला सांगितलं.

काळ्या मातीत कडा ढासळतात, म्हणून खड्डा ऐसपैस आणि छातीइतका खोल घेतला. दुपारी बांबू आत सोडला. मी फावडं घ्यायला वळलो आणि तानबाने हात काढले. मी त्याच्यावर खेकसणार, तोच पाहिलं. बांबू उभाच होता.

खांब असा उभा राहत नाही. मी ढकलून पाहिला. जरासा कलला, आणि पाय सावरावेत तसा पुन्हा सरळ झाला. खाली वाकलो. बुडखा तळाला टेकलेलाच नव्हता. खाली वीतभर मोकळं होतं.

तानबा घरी गेला. मी फावडं उचललं.

“माती नोका लोटू, भाऊजी,” वहिनी म्हणाली.

ती काठाशी बसून राहिली. आई ओसरीवर. ऊन उतरलं, वारा सुटला, बांबू हलला नाही. नुसतं बघून माझे हात भरून आले. भीती वाटायला हवी होती. मला कीव आली.

शेवटी वहिनीने बांबूवर तळवा ठेवला.

“सोडा आता,” ती म्हणाली. “लय थकले असान.”

बुडखा तळावर आदळला. बांबू माझ्या खांद्यावर कलला.

वहिनीने पदराने कपाळ पुसलं. आईने तिला अडवलं नाही. ती ओसरीवरून उठून आली आणि मातीची पहिली मूठ तिनेच टाकली.

मग मी खड्डा भरला. खात्यात भरतो तसाच, थरावर थर, ठोकून ठोकून. मनगटाएवढ्या बांबूला फार तर पाटीभर माती उरते.

एका माणसाएवढी उरली.