कैदेतल्या राणीचे दोन ठोके

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा ती भूत होती... आणि तो चक्क घोरत होता!

मावशीच्या एस्केप रूममधली ही 'कैदेतल्या राणीची खोली'. जुन्या राजवाड्याचं खोटं तळघर, गंजकी दिसावीत म्हणून रंगवलेली कुलपं, कोपऱ्यात राणीचं मोडकं सिंहासन. लोक हौसेने आत कोंडून घ्यायचे आणि तासाभरात कोडी सोडवून बाहेर पडायला धडपडायचे. तिने भिंतीआडच्या चिंचोळ्या जागेतून ठोके द्यायचे. चुकलं तर एक, बरोबर असेल तर दोन. शेवटी तोंडाला पांढरा रंग फासून, काळी ओढणी ओढून, राणीचं भूत बनून लोकांच्या अंगावर जायचं. राणीने बोलायचं मात्र नाही, असा मावशीचा नियम होता.

त्या दुपारी ती अंगावर गेली, तर हा सिंहासनावर मान टाकून गाढ झोपलेला. दिवसभर उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडले होते, तिला त्याचा हेवाच वाटला. ती गुपचूप मागे फिरली.

तो इस्पितळात नर्स होता, कायम रात्रपाळीला. घराशेजारी बांधकामाचा धडधडाट, त्यामुळे दिवसा डोळ्याला डोळा लागत नसे. मग दर आठवड्याला तो इथल्या अंधारात येऊ लागला. कोडी केव्हाच तोंडपाठ झाली होती, पण शेवटचं कुलूप तो उघडायचाच नाही. भिंतीशी गप्पा मारत बसायचा.

"राणीसाहेब, जेवलात?"

ठक.

"उपाशीपोटी भूतगिरी बरी नव्हे हं! पाय दुखतायत का?"

ठक... ठक.

"मग बसा ना जरा. मी घाबरलो असं समजा."

पाय दुखतात का, हे तिला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. उपड्या बादलीवर बसून ती एकटीच हसली. आवडायला लागला होता तो तिला — आणि त्याने तर तिचं तोंडही पाहिलं नव्हतं!

मग मावशीने ठरवलं, राणीची खोली पाडून तिथे अंतराळयान करायचं. आज शेवटचा दिवस, तशी पाटीही दारावर लागली होती. खोली गेली की तो कशाला येतोय? आज नियम मोडायचा, बोलायचंच, असं तिने पक्कं केलं. पण सकाळपासून गटामागून गट घाबरवून ती पार पिळून निघाली होती. तो आत आला, तेव्हा ती बादलीवर टेकली... जरा श्वास घेऊ, मग बोलू...

"अगं ए राणी!" खोलीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोरून उठून मावशी धावत आली होती. "झोपलीस? तो बिचारा भिंतीला विचारून विचारून दमला!"

"काय विचारलं?"

"उद्यापासून बाहेर भेटाल का, म्हणून. हो असेल तर दोन ठोके, नाहीतर एक. तू एकही दिला नाहीस. मग उघडलं त्याने ते शेवटचं कुलूप, आणि गेला."

तिची नजर दाराकडे गेली.

"आता बघत काय बसलीस? नियम गेला चुलीत. पळ!"

ती पळाली. भर दुपारच्या उन्हात, पांढऱ्या तोंडाने, काळी ओढणी सावरत. रस्त्यावरची माणसं दचकून बाजूला झाली. बसथांब्याच्या बाकावर तो खांबाला डोकं टेकून बसला होता, डोळे मिटून.

"मला... झोप लागली होती," ती धापा टाकत म्हणाली.

त्याने डोळे उघडले. तिचं पसरलेलं काजळ, गालावर उमटलेला भिंतीचा वळ, सगळं तो बघतच राहिला.

"तुमचा आवाज असा आहे होय..." तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, नाही म्हणायचंसुद्धा तुमच्या जिवावर आलं."

"परत विचारा ना."

"बाहेर... भेटाल?"

बोलायला किती काय काय ठरवलं होतं तिने! पण तिने हात उचलला आणि थांब्याच्या लोखंडी खांबावर वाजवलं.

ठक. ठक.

बस आली. तो उठला नाही. बाकावर जरासा सरकला आणि म्हणाला, "आधी बसा. पाय दुखत असतील."